जाब कुणाला विचारायचा? : मुंबईच्या कारभारावरील वादांची प्रस्तावना

मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून माहीमच्या खाडीला मिळते. लांबी जेमतेम अठरा किलोमीटर. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, नदी पात्र सोडून कुर्ला, कलिना, वांद्र्याच्या वस्त्यांत शिरली, आणि मग शहराच्या ध्यानात आले की एवढ्याशा नदीला एक धनी नाही. वरचा बराचसा भाग महापालिकेकडे, वांद्रे-कुर्ला संकुलालगतचा भाग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए), मधला तुकडा विमानतळाच्या धावपट्टीखाली. पुरानंतर राज्य सरकारने मिठी नदीसाठी वेगळे प्राधिकरण नेमले. गाळ काढण्याचे काम मात्र पुन्हा दोन यंत्रणांनी वाटून घेतले, आणि पुढची कित्येक वर्षे दर पावसाळ्याआधी गाळाचे आकडेही दोन कार्यालयांतून येत राहिले.

या संग्रहातले सारे लेख वेगवेगळ्या वाटांनी एकाच प्रश्नापाशी येतात. मुंबईत काही बिघडले, तर जाब कुणाला विचारायचा? नगरसेवकाला विचारावे तर तो म्हणतो, अधिकार आयुक्तांकडे आहेत. आयुक्तांना विचारावे तर नेमणूक राज्य सरकारची. मंत्रालयात विचारावे तर उत्तर मिळते की हा महापालिकेचा विषय. महापालिकेच्या राजकारणाच्या बातम्या आपण पक्षांच्या भांडणाच्या वाचतो: शिवसेना की भाजप, महापौर कुणाचा, स्थायी समिती कुणाकडे. ही भांडणे खोटी नाहीत. पण ती ज्या पायावर उभी आहेत तो पायाच असा घातला गेला की मत एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे राहावेत. हा पाया कुणी, केव्हा आणि कशासाठी घातला, हे समजल्याशिवाय आजचा कुठलाही वाद नीट उलगडत नाही.

त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. 1865 च्या कायद्याने मुंबईचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला. देखरेखीला सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी त्याच वर्षी कोसळली होती, शहरातल्या पेढ्या बुडत होत्या. पण क्रॉफर्डचा हात आखडला नाही. गटारे, रस्ते, आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी मंडई अशी कामे त्याने धडाक्याने काढली. शहर खरोखर स्वच्छ झाले आणि पालिका कर्जात बुडाली. करदाते खवळले. 1871 मध्ये शहरभर सभा होऊ लागल्या, आणि एकाच माणसाच्या हाती एवढी सत्ता नको, कारभार एखाद्या समितीकडे द्यावा, अशी मागणी जोर धरू लागली.

विशीतला एक तरुण बॅरिस्टर या मागणीच्या विरोधात उभा राहिला. त्याचे नाव फिरोजशहा मेहता. 1871 च्या अखेरीस फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी निबंध वाचला. त्यांचे म्हणणे त्या दिवशी श्रोत्यांना रुचले नाही, पण मुंबईच्या कारभाराविषयी इतका स्वच्छ विचार त्याआधी कुणी मांडला नव्हता, आणि माझ्या मते नंतरही फारसा कुणी मांडलेला नाही. कारभार चालवणारा एकच असावा, म्हणजे चूक कुणाची हे लपत नाही. समितीकडे कारभार दिला की जबाबदारी दहा जणांत वाटली जाते आणि अखेर कुणाचीच राहत नाही. दोष क्रॉफर्डच्या अधिकारांत नव्हता. त्या अधिकारांवर करदात्यांनी निवडलेल्या माणसांचा लगाम नव्हता, हा दोष होता. माणूस एक, पण तो लोकांनी निवडलेल्या सभेला बांधलेला, असे त्यांचे सूत्र होते.

1872 च्या कायद्याने या सूत्राचा अर्धा भाग उचलला. 64 सभासदांची कॉर्पोरेशन आली, त्यांतले 32 करदात्यांनी निवडलेले. पुढे 1888 चा कायदा झाला, तेव्हा कायदे कौन्सिलात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही होते. सरकारी मसुद्यात झुकते माप सरकारला होते. कलमाकलमावर वाद घालून या दोघांनी कॉर्पोरेशनचे स्थान राखले. 72 सभासद, स्थायी समिती आणि कमिशनर अशी त्रिस्थळी रचना ठरली. कमिशनर नेमायचा सरकारने, पण पाच अष्टमांश सभासदांनी, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने 45 जणांनी, विरोधात मत दिले तर त्याला जावे लागेल. परक्या राजवटीकडून त्या काळी यापेक्षा अधिक मिळण्याजोगे नव्हते. मेहतांचा पुतळा आजही महापालिकेच्या इमारतीसमोर आहे, आणि तो तिथेच शोभतो.

मला खटकते ते पुढचे. 1888 ची तडजोड परक्या सरकारशी होती. 1947 नंतर सरकार आपले आले आणि तडजोड तशीच राहिली. आयुक्त नेमण्याचा अधिकार मुंबई राज्याने सोडला नाही, महाराष्ट्र राज्यानेही सोडला नाही, आणि कुठल्याही पक्षाच्या मुख्यमंत्र्याने तो सोडण्याचा गंभीर प्रयत्न केला नाही. तोच 1888 चा कायदा, असंख्य दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. गव्हर्नरची खुर्ची मुख्यमंत्र्याकडे आली एवढाच काय तो फरक.

1888 च्या कायद्याच्या मागोमाग दुसरी एक परंपरा सुरू झाली होती, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते आणि नव्या वसाहती उभारायला हव्यात, आणि निवडलेल्या कॉर्पोरेशनला हे जमणार नाही, असे सरकारने ठरवले. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याची कामे. घरे पाडली गेली तितक्या वेगाने गरिबांसाठी घरे बांधली गेली नाहीत, ही तक्रार तेव्हापासूनची. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. पण काम मोठे असले की लोकांनी निवडलेल्या संस्थेला वळसा घालून नवे मंडळ काढायचे, ही रीत सरकारच्या हाडीमांसी भिनली. सिडको 1970 मध्ये आले, आजचे एमएमआरडीए 1975 मध्ये, मग म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ. प्रत्येकाच्या स्थापनेला सांगण्याजोगे कारण होते, काहींनी मोलाची कामेही केली. पण वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन महापालिकेकडे नाही, झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासाचे नाही, मेट्रोचे नाही, बंदराच्या जमिनी तर केंद्राच्या. मुंबईचा नकाशा समोर घेऊन महापालिकेची हुकमत कुठे चालते ते रंगवायला बसलात, तर मधेमधे कोऱ्या जागा पडत जातात.

त्या सीमारेषांवर काय होते याचे उदाहरण अंधेरीत आहे. 3 जुलै 2018 रोजी गोखले पुलाचा पादचारी भाग रेल्वेमार्गावर कोसळला. पूल कुणाचा, देखभाल कुणाची, यावर रेल्वे आणि महापालिका यांच्यात बराच काळ वाद चालला. 2022 च्या नोव्हेंबरात पूल धोकादायक म्हणून बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये खुली झाली तेव्हा दिसले की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळत नाही. रेल्वेमार्गावरच्या उंचीचे नियम बदलल्याने नवा पूल वर गेला होता आणि जुना होता तिथेच होता. दोन पुलांची टोके आमनेसामने, मधे माणूसभर उंचीची पायरी. जुना पूल उचलून जोडणी होईपर्यंत आणखी काही महिने गेले. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला आराखडा कुणी मंजूर केला याच्याशी कर्तव्य नसते. पण विचारायचे ठरवले असते, तरी त्याने कुठल्या दारावर थाप मारायची होती?

महापालिकेच्या आत अधिकार कसा झिरपतो, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. नगरसेवकाला धोरण बदलायचे असेल तर तो ठरावाची सूचना देतो. चिटणीस खाते ती कार्यक्रमपत्रिकेवर घेते, सभागृहात भाषणे होतात, सूचना मंजूरही होते. मग ती आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते. अभिप्राय यायला महिने लागतात, आणि तो आला की बहुधा त्यात नियम, निधी किंवा न्यायालयाचा एखादा निर्णय आडवा आलेला असतो. विषय दप्तरी दाखल होतो. उलट आयुक्तांचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतो तेव्हा खरी ताकद दिसते, कारण मोठ्या कंत्राटांना तिची मंजुरी लागते. परिणाम असा की नगरसेवकाला शहराचे धोरण घडवता येत नाही, कंत्राट मात्र अडवता येते. ज्याला घडवण्याचा अधिकार दिला नाही आणि अडवण्याचा दिला, त्याच्याकडून कशा राजकारणाची अपेक्षा करायची? रस्ते आणि नालेसफाईच्या कामांतले घोटाळे चव्हाट्यावर आले, तेव्हा अभियंते आणि कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले. नगरसेवकांच्या वाट्याविषयी लोक बोलत राहिले. नगरसेवक म्हणजे बिचारा, असे या संग्रहात कुणी म्हटलेले नाही. पण त्याचे वागणे आणि त्याला मिळालेली चौकट यांचा संबंध तपासायला हवा, यावर बहुतेक लेखकांचे एकमत आहे.

तरीही याच चौकटीतून मोठी माणसे आली, कारण मतदार बदलत गेला. 1888 मध्ये मत होते ते करदात्यांना. 1922 मध्ये दहा रुपये भाडे भरणाऱ्यांपर्यंत ते उतरले, आणि 1948 मध्ये पहिल्यांदा सर्व प्रौढांनी महापालिकेसाठी मतदान केले. चाळी आणि झोपड्या सभागृहात आल्या. 1958 मध्ये शांताराम मिरजकरांसारखा कम्युनिस्ट पुढारी मुंबईचा महापौर झाला. 1961 मध्ये मृणाल गोरे गोरेगावातून निवडून आल्या आणि नळाच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी इतक्या चिकाटीने लावून धरला की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. मृणालताईंचे काम पाहिले की लक्षात येते, कायद्याने दिलेल्या अधिकारापेक्षा पाठीशी उभ्या राहिलेल्या बाया जास्त कामाला आल्या. पण दर प्रभागाला मृणालताई लाभत नाहीत.

मराठी वाचकाला या विषयात एक गाठ विशेष जाणवेल, आणि ती लपवून पुढे जाणे बरोबर नाही. जगभर अभ्यासक म्हणतात, महानगराला स्वतःचे बळकट सरकार हवे. मुंबईत हे वाक्य उच्चारले की हुतात्मा चौक आठवतो. जानेवारी 1956 मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा नेहरूंनी केली, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले, गोळीबारात माणसे मेली, 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने महापालिका जिंकली. 1966 मध्ये स्थापन झालेली शिवसेना 1985 मध्ये महापालिकेत सत्तेवर आली, तेव्हाही मुंबई तोडण्याची भीती हा प्रचाराचा मोठा भाग होता. त्यामुळे 2003 मध्ये बॉम्बे फर्स्ट आणि मॅकिन्झी यांच्या अहवालाने मुंबईला जागतिक दर्जाचे शहर करण्याची भाषा केली, तेव्हा पुष्कळ मराठी माणसांना तीत जुनाच वास आला. हा संशय निराधार नव्हता. पण त्याची दुसरी बाजूही आहे. मुंबई महाराष्ट्राची राहिलीच पाहिजे या निर्धाराच्या आड मंत्रालयाने मुंबईकरांचे अधिकार स्वतःपाशी ठेवले. मुंबई महाराष्ट्रातून फुटणार नाही आणि तरी तिचा कारभार तिथे राहणाऱ्यांनी निवडलेल्या माणसांच्या हाती असेल, ही दोन्ही वाक्ये एकत्र खरी होऊ शकतात. मराठी राजकारणाने ती एकत्र मांडण्याचे धाडस अजून केलेले नाही.

यावरच्या उत्तरांचे ढोबळ प्रवाह नव्या वाचकाला ठाऊक असावेत. एक पक्ष महापौराला खरा कारभारी करू पाहतो. कोलकात्यात 1980 च्या दशकात महापौर परिषद आली आणि टिकली. मुंबईत 1998 मध्ये युती सरकारने ती आणली आणि 1999 मध्ये गुंडाळली. एवढ्या अवधीत कुठलाही प्रयोग पारखता येत नाही. तो फसला असे आज सर्रास म्हटले जाते ते घाईचे आहे. याच पक्षातली दुसरी शाखा महापौर थेट जनतेने निवडावा म्हणते. महाराष्ट्रात नगराध्यक्षांच्या बाबतीत हा नियम सरकार बदलेल तसा आला, गेला आणि पुन्हा आला, महापालिकांपर्यंत पोचला नाही. दुसरा पक्ष म्हणतो, प्रश्न शहराच्या हद्दीचाच आहे: विरारहून चर्चगेटला येणारा आणि पनवेलहून सीएसएमटीला येणारा माणूस एकाच महानगरात जगतो, पण त्यात नऊ महापालिका आहेत. लंडनने हा प्रश्न तीनदा सोडवून पाहिला. 1965 ची ग्रेटर लंडन कौन्सिल थॅचर सरकारने 1986 मध्ये बरखास्त केली, आणि 2000 मध्ये निवडलेल्या महापौरासह नवी रचना आली. बेंगळुरू 2025 मध्ये उलट दिशेने गेले: वर एक प्राधिकरण, खाली पाच महापालिका. तिसरा पक्ष खालून सुरुवात करतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख आणि नगरसेवक 227, म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी 55 हजार माणसे. त्याच्याही खाली मोहल्ल्याच्या पातळीवर सभा हवी, असे या लोकांचे म्हणणे. आणि चौथा प्रवाह, जो स्वतःला पक्ष म्हणवत नाही पण सर्वांत बलवान आहे, तो सांगतो की निवडणुका, समित्या हे सारे विलंबाचे कारण आहे, चांगला अधिकारी नेमा आणि त्याला काम करू द्या.

74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली तेव्हा वाटले होते की वाद मिटेल. बाराव्या परिशिष्टात अठरा विषय आले, मुदत संपण्याआधी निवडणूक बंधनकारक झाली, राज्य निवडणूक आयोग आणि वित्त आयोग आले. दुरुस्तीने महिलांना एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने पुढे निम्म्या केल्या. सभागृहाचा चेहरा त्यामुळे बदलला, हे मोठेच काम. पण अधिकार देणे न देणे राज्यांवर सोडले गेले. मुंबईत प्रभाग समित्या झाल्या त्या 24 वॉर्डांसाठी 16, आणि महानगर नियोजन समिती कागदावर राहिली. 1 जुलै 2017 पासून जकात गेली, आणि पालिकेचा सर्वांत मोठा हक्काचा पैसा राज्याकडून येणाऱ्या भरपाईत बदलला.

आणि मग 2022 उजाडले. 7 मार्चला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा निवाडा, प्रभाग 227 की 236, एका सरकारचा कायदा दुसऱ्याने फिरवणे, यांत निवडणूक अडकली. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितले, पुढे मुदत वाढवून दिली, आणि मतदान झाले ते जानेवारी 2026 मध्ये. या जवळपास चार वर्षांत आयुक्त हेच प्रशासक होते. स्थायी समितीचे अधिकार त्यांचे, सभागृहाचेही त्यांचेच. प्रस्ताव आयुक्तांचा, मंजुरी प्रशासकांची. सही करणारा माणूस एकच. 2021-22 चा अर्थसंकल्प 39,038 कोटींचा होता, 2025-26 चा 74,427 कोटींचा. भारतातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला, त्या काळात त्यावर हरकतीचा मुद्दा घेणारा एकही निवडलेला माणूस सभागृहात नव्हता. जुलै 2023 मध्ये उपनगरच्या पालकमंत्र्यांना पालिका मुख्यालयातच दालन मिळाले, तेव्हा गदारोळ झाला. पण ते दालन म्हणजे मुळातल्या रचनेचे उघड रूप होते. चौथ्या प्रवाहाचे स्वप्न त्या वर्षांत पुरते साकार झाले होते. रस्ते त्या मानाने सुधारले का, पाणी वेळेवर आले का, आणि वॉर्ड ऑफिसच्या दारात तक्रार घेऊन उभ्या असलेल्या बाईचे कुणी ऐकले का, हे तपासणारे लेख या संग्रहाचा गाभा आहेत. म्हणूनच हे पुस्तक आताच यायला हवे होते. सभागृह पुन्हा भरले आहे, आणि सवयीने सगळे पुन्हा पक्षांच्या संख्याबळाकडेच पाहू लागले आहेत.

पुस्तकाची मांडणी व्यक्तींभोवती नाही. उपायुक्त खैरनारांची बेकायदा बांधकामांवरची कारवाई, आयुक्त तिनईकरांचा करडेपणा, या गोष्टी मुंबईकरांना तोंडपाठ आहेत आणि त्यांना त्यांची जागा इथे मिळाली आहे. पण भर आहे तो निर्णयाच्या कागदावर: तो कुठून निघाला, कुणाच्या टेबलावर थांबला, कुणाच्या सहीने हलला. पाणी, पूल, कचरा, रुग्णालये, बेस्ट, झोपडपट्टी पुनर्वसन अशा एकेका कामाचा माग काढत लेखक गेले आहेत. त्यांत माजी नगरसेवक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, सफाई कामगारांच्या संघटनेत काम केलेले आहेत, पत्रकार आहेत. त्यांची मते जुळत नाहीत आणि ती जुळवण्याचा प्रयत्न केलेला नाही. थेट निवडलेल्या महापौरावर तर दोन लेख एकमेकांच्या पूर्ण विरोधात आहेत.

त्या वादात माझे मत आडपडदा न ठेवता सांगतो. थेट निवडून आलेला महापौर आणि राज्याने नेमलेला आयुक्त एकाच इमारतीत बसवले, तर मेहतांनी 1871 मध्ये सांगितलेला धोका दुप्पट होईल: जबाबदार दोन, म्हणजे एकही नाही. त्यामुळे महापौर कसा निवडायचा याआधी आयुक्त कुणी नेमायचा हे ठरले पाहिजे. आयुक्ताच्या नेमणुकीला सभागृहाची संमती बंधनकारक करायला घटना बदलावी लागत नाही, 1888 च्या कायद्यातली एक दुरुस्ती पुरते, आणि ती विधानसभेच्या एका अधिवेशनात होऊ शकते. पुणे, नागपूर आणि राज्यातल्या इतर महापालिका 1949 च्या वेगळ्या कायद्याखाली येतात, म्हणून त्यांचा विचार या खंडात केलेला नाही. पण आयुक्त तिथेही राज्यच नेमते, आणि तिथल्या वाचकांना इथले बरेच काही ओळखीचे वाटेल.